चोथ्याची बिस्किटं

माझा नवरा घरी बिअर करतो. महिन्यातून एका रविवारी, दहा लिटर, त्याहून जास्त नाही. हे कायद्यात कितपत बसतं असं मी सुरुवातीला विचारलं होतं, तेव्हा त्याने विषय बदलला आणि मीही फार ताणलं नाही. त्याला पिण्याचं वेड नाही. शनिवारी एक ग्लास घेतो, तोही आधीच्या खेपेपेक्षा कसा लागला ते वहीत लिहून. वेड आहे ते करण्याचं. मला मात्र या सगळ्या उठाठेवीत रस वाटला तो शेवटी उरणाऱ्या चोथ्यात.

अडीच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं आणि भरडलेलं जव, गरम पाण्यात तासभर भिजवायचं. त्यातला गोडवा पाण्यात उतरला की पाणी गाळून घ्यायचं. पुढची सगळी करामत त्या पाण्याची. मागे पिशवीत पाच किलो ओला, वाफाळणारा चोथा राहतो, आणि त्याला वास कसला येतो म्हणाल तर नाचणीचं सत्त्व शिजत असल्यासारखा. असं काही टाकून द्यायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. पहिले दोन महिने जवळच्या येलवालहून येणारा दूधवाला तो म्हशींसाठी घेऊन गेला. तिसऱ्या महिन्यात त्याने हात जोडले. म्हशी खायच्या, पण तो यायचा दुसऱ्या दिवशी, आणि म्हैसूरच्या हवेत एका रात्रीत चोथा आंबून जायचा.

मी पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवते. अर्धवट माहितीचा मला राग येतो आणि अर्धवट वापरलेल्या वस्तूचा त्याहून जास्त. गोडवा गेला, मग उरलं काय? वाचून पाहिलं. तंतू उरतात, प्रथिनं उरतात, टरफल तर उरतंच. म्हणजे खाण्याजोगं बरंच काही उरतं. मी ठरवलं, याची बिस्किटं करायची.

पहिली खेप मी ओल्या चोथ्याचीच केली. कणीक, गूळ, लोणी आणि दोन मुठी चोथा. ओव्हनमधून बाहेर आली तेव्हा दिसायला झकास होती. खाल्ली तेव्हा टरफलं दातांत, हिरड्यांत, टाळ्याला, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसली. नवरा पाच मिनिटं काही न बोलता चावत राहिला आणि मग म्हणाला, "फायबर भरपूर आहे." मी उरलेली बिस्किटं मिक्सरमधून काढून पुन्हा भाजली. ती आणखी वाईट झाली.

आता आमच्या घराची रचना सांगायला हवी. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली सासू-सासरे. बिअरचा सगळा कारभार वरच्या गच्चीत आणि न वापरलेल्या न्हाणीघरात चालायचा. माझं माहेर नाशिकचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथलं मराठी ऐकून मी पहिले सहा महिने नुसती मान डोलवत होते. यांचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात. मराठी बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर कन्नड सुरू होतं आणि कुणाला कळतही नाही. सासऱ्यांना मी अप्पा म्हणते, सासूबाईंना अत्ते, इथल्या रिवाजाप्रमाणे.

अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तिशीपर्यंत ते घरच्या रंगाच्या कामात होते. मग यंत्रावर छापलेलं कापड स्वस्त झालं, काम बसलं, आणि ते एका कापडदुकानात गठ्ठे लावायच्या नोकरीला लागले. त्या वर्षांत ते पिऊ लागले. किती, ते मला अत्तेंनी फक्त एकदा सांगितलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, वालाच्या शेंगा सोलता सोलता. संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की त्या उठून जवळ जायच्या आणि त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या. विचारून उपयोग नसायचा, कारण ते नाहीच म्हणायचे. रोज तेच ‘नाही’, आणि रोज ते खोटं. मग एका शुक्रवारी दोघं चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या चढत होते. अत्ते एकेका पायरीला हळद-कुंकू लावत होत्या आणि अप्पा मागून ताट घेऊन. अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या नंदीपाशी पोचल्यावर ते म्हणाले, आजपासून नाही. अत्तेंनी त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून तेच पुन्हा म्हणायला लावलं.

त्याला एकवीस वर्षं झाली. ते वचन अप्पांनी कसं पाळलं, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं ते भिंग लावून वाचतात. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्याही घेत नाहीत, कारण त्यावर स्पिरिटचे थेंब टाकतात. एका लग्नात केकचा तुकडा हातात घेऊन त्यांनी आचाऱ्याला शोधून काढलं आणि यात काय काय घातलंय ते विचारून मगच खाल्ला.

अशा माणसाच्या डोक्यावर, अक्षरशः त्यांच्या छतावर, त्यांचा मुलगा बिअर करत होता. नवऱ्याने त्यांना सांगितलं होतं की हे माल्टचं पेय आहे, जिमला जाणारी मंडळी पितात, प्रोटीन-बिटीन असतं. मी त्या वेळी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. हे चुकीचं होतं. तेव्हाही मला ते कळत होतं, पण घरात आधीच शांतता असली की माणूस ती मोडायला धजत नाही.

दुसऱ्या खेपेचा चोथा मी गच्चीत जुन्या साडीवर वाळत घातला होता. अप्पा तुळशीला पाणी घालायला वर आले आणि साडीपाशी थबकले.

"हे काय कणम्मा?" त्यांनी विचारलं. कणम्मा म्हणजे कन्नडमधलं ‘अगं पोरी’.

"जवाचा चोथा, अप्पा. बिस्किटं करणार आहे."

ते खाली बसले. चिमूटभर उचलून बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "इतकं दाट घातलंस तर वरून वाळतं, आतून कुजतं. पातळ घाल. एका दाण्यावर दुसरा दाणा नको. आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने हात फिरवायचा. सुम्ने, नुसतं पसरून जायचं नाही."

त्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाने हात त्यांनीच फिरवला. संध्याकाळी चोथा खडखडीत वाळला होता. मी तो मिक्सरमध्ये दळला आणि पिठाच्या चाळणीने चाळायला लागले, तर त्यांनी चाळणी माझ्या हातातून काढून घेतली. खाली जाऊन कपाटातलं मलमलचं जुनं धोतर फाडून आणलं, ते पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधलं, त्यावर पीठ घातलं आणि तळहाताने गोल गोल चोळायला लागले. रंगाची पूड ते अशीच वस्त्रगाळ करत. टरफलाचा सगळा काटेरी भाग कापडावर राहिला आणि खाली पडलं ते मऊ, फिक्या तपकिरी रंगाचं पीठ. मी चौदा वर्षं या माणसाला पेपर वाचताना पाहत आले होते. त्यांचे हात काय काय करू शकतात याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

त्या पिठाचा एक भाग, कणकेचे दोन, गूळ, घरचं लोणी, वेलची आणि चिमूटभर मीठ. ही बिस्किटं जमली. खुसखुशीत झाली, आणि खाल्ल्यावर मागे रेंगाळणारी भाजक्या धान्याची चव अशी होती की नवऱ्याने एका बैठकीत आठ संपवली. अत्तेंचं माहेर कृष्णराजनगरचं, भाताच्या गावातलं. त्या आधी नाक मुरडत होत्या. "अय्यो, आमच्या गावात असलं गुरांना घालतात." मग एक खाल्लं, मग दुसरं, आणि मग म्हणाल्या, "गुरांचं नशीब चांगलं म्हणायचं."

पुढचे तीन महिने हे आमच्या दोघांचं काम होऊन बसलं, माझं आणि अप्पांचं. रविवारी चोथा निघाला की लगेच वाळवण, सोमवारी दळण, मंगळवारी वस्त्रगाळ, बुधवारी बिस्किटं. आम्ही नाचणी घालून पाहिली, ओलं खोबरं घालून पाहिलं, लोण्याऐवजी तूप वापरून पाहिलं. नाचणीने बिस्किटं कडक झाली, खोबऱ्याने चार दिवसांत खवट. जास्त भाजलेल्या काळपट माल्टचा चोथा कॉफीसारखा लागतो, हा शोध अप्पांचा. ते दुपारच्या चहाला रोज चार बिस्किटं खायचे आणि प्रत्येक खेपेबद्दल मत द्यायचे. मला इतकी मजा येत होती की या चोथ्याचा उगम कुठला, हे मी सोयीस्करपणे विसरले.

आठवण करून दिली अत्तेंनी, त्यांच्या नकळत. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. अत्ते दरवर्षी बाहुल्या मांडतात, नऊ दिवस गल्लीतली पोरं त्या बघायला येतात आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी खाऊ पडतो. रोज सकाळी तो खाऊ आधी देवीपुढे ठेवायचा आणि मग वाटायचा. "या वर्षी तुझी बिस्किटं करू," त्या म्हणाल्या. "मोठा डबा लागेल, आत्तापासून लाग."

देवीपुढे ठेवायचा खाऊ, आणि तो बिअरच्या चोथ्याचा. रात्रभर विचार करत बसायची माझी पद्धत नाही. मी तशीच वर गेले आणि नवऱ्याला म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू. तो म्हणाला, सांगायची गरजच काय, चोथ्यात दारूचा अंश नसतो, तुला तर माहीत आहे. मला ते माहीत होतं, म्हणूनच तर मी इतके दिवस गप्प बसले होते. पण जो माणूस खोकल्याचं औषध भिंगातून वाचतो, त्याला न सांगता आम्ही तीन महिने बिस्किटं खाऊ घातली होती. वाचायचा हक्क त्यांचा होता आणि तो आम्ही काढून घेतला होता. हे मी नवऱ्याला जरा मोठ्याने सांगितलं. मग आम्ही दोघं खाली आलो आणि मीच सांगितलं.

 ओट्यावरचा डबा उचलून अत्तेंनी बाहेर पायरीवर नेऊन ठेवला, आत आल्या आणि मुलाकडे पाहिलं. "बापाच्या डोक्यावर?" एवढंच म्हणाल्या. 

अप्पांनी मला विचारलं, "मी किती खाल्ली असतील?"

"अप्पा, त्यात दारू नव्हती. दारू नंतर होते. चोथा आधीच बाहेर काढतात. साखर वेगळी, यीस्ट वेगळं, तापमान..." माझी गाडी वर्गात सुटते तशी सुटली.

त्यांनी हात वर केला. "सांगू नकोस. दाखव."

दोन दिवस ते चहाला आले नाहीत. चहा खोलीत मागवायचे आणि नुसता प्यायचे. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांचा विश्वास बसेल की नाही याची धाकधूक होती. एकवीस वर्षांची त्यांची पुण्याई माझ्या पाककृतीने बुडाली, असं त्यांच्या मनात बसलं असतं तर मी काय करणार होते?

पुढच्या रविवारी सकाळी ते आंघोळ करून गच्चीत आले. मी खुर्ची ठेवली होती, ते बसले नाहीत. अत्ते जिन्याच्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, आतही नाही, बाहेरही नाही. नवऱ्याने माल्ट दाखवलं. अप्पांनी दाणा चावून पाहिला. पाणी तापायला ठेवलं. सदुसष्ट अंशांवर गॅस बंद करायचा असतो. नवरा थर्मामीटर शोधत होता तेवढ्यात अप्पांनी भांड्याजवळ कान नेला आणि म्हणाले, "बंद कर आता." थर्मामीटर घातला तर अडुसष्ट.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"भांडं गुणगुणतं. मंजिष्ठा अशीच काढायची. उकळी आली की लाल रंग मेला, तपकिरी होतो मग."

तासभर माल्ट पाण्यात बसलं. अप्पा भांड्यापासून हलले नाहीत. मग नवऱ्याने कापडाची पिशवी वर उचलून निथळत ठेवली. मी वाटीत ते पाणी काढून त्यांना दिलं. त्यांनी जिभेला लावलं. गोड होतं, उसाच्या रसाच्या जवळपास जाणारं. अत्तेंनीही पुढे येऊन वाटीत बोट घातलं, चाखलं आणि पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हा चोथा," मी पिशवी बाजूच्या परातीत ठेवली, "आता याचं पुढच्या कशाशीच काही नातं नाही. बिस्किटं याची. अजून यीस्टची पुडीसुद्धा फोडलेली नाही."

"आणि त्या पाण्याचं?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. चोथ्याची शंका फिटली होती, काम झालं होतं. पण समोर असा विद्यार्थी असला की मला शेवटपर्यंत शिकवल्याशिवाय राहवत नाही. हॉप्सची कडू फुलं घालून पाणी उकळलं, ते थंड केलं, बादलीत ओतलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. यीस्ट साखर खातं, फसफसतं, आणि त्यातून दारू होते, पाच-सात दिवसांत. अप्पा ऐकता ऐकता पुढे झुकत गेले.

"म्हणजे नांदच," ते म्हणाले.

त्यांच्या वडिलांनी शेवटपर्यंत निळीची एक नांद राखली होती. मातीची, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली. त्यात नीळ, चुना, टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया. ती आंबायची, फेस धरायची, आणि आली, म्हणजे तयार झाली, की नाही हे रोज सकाळी बघायचं काम अप्पांचं होतं. दहाव्या वर्षापासून. कच्च्या नांदेत कापड बुडवलं तर फुकट, उतरलेल्या नांदेत बुडवलं तरी फुकट. ते हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. अत्ते दारातून त्यांच्याकडे बघत होत्या.

त्या दिवशी दुपारी अप्पांनी पायरीवरचा डबा स्वतः आत आणला आणि एक बिस्किट खाल्लं. अत्तेंनी निकाल दिला. "आपल्याला चालेल. देवीला नको. तिला शंका कशाला?" बाहुल्यांच्या खाऊला त्यांनी शेंगदाण्याचे लाडू ठरवले. मला तो निकाल एकदम पटला आणि सुटल्यासारखं वाटलं.

सोमवारी अप्पांनी विचारलं, "नांद कशी आहे?" मी म्हटलं, बुडबुडे यायला लागलेत. मंगळवारी विचारलं, बुधवारी विचारलं. मला कौतुक वाटलं. आमच्या शिकवण्याने कुणी इतकं पेटल्याचं वर्गात कधी दिसत नाही.

शुक्रवारी कॉलेज अर्धा दिवसच होतं. दीडच्या सुमारास घरी आले, पर्स ठेवली, तर न्हाणीघराचं दार उघडं. अप्पा बादलीपाशी उकिडवे बसले होते. झाकण बाजूला जमिनीवर होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात होतं आणि डोळे मिटलेले होते, हिशेब करताना माणूस मिटतो तसे.

 माझ्या सावलीने असेल, त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं. मग बोट बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"हात गेला," ते म्हणाले. "हात गेला कणम्मा. मी फेस बघायला आलो होतो. फेस बघायचा, वास घ्यायचा, मग बोट जिभेला. नांदेचं तसंच असतं. मला कळलंच नाही."

त्यांनी झाकण उचललं आणि बादलीवर दाबून बसवलं. मी त्यांना उठवलं, तोंड धुवायला लावलं. मग, मी मीच असल्यामुळे, बोलायला लागले. अप्पा, एक थेंब. अर्धा थेंब. पिकलेल्या केळ्यात याहून जास्त असतं. हे पिणं नव्हे, ही तर परीक्षा. वचन पिण्याचं होतं. मी पाहिलं नाही असं समजा. हे शेवटचं वाक्य मी खरंच म्हणाले, आणि म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली.

"बिस्किटाचं तू दाखवलंस, ते मला पटलं," ते म्हणाले. "हे कोण दाखवणार?"

चूक माझी होती. मी त्यांना यीस्टपर्यंत नेलं नसतं तर त्यांच्या हाताला ती नांद आठवली नसती. ते जिना उतरायला लागले, मी मागोमाग गेले. मला वाटलं होतं ते खोलीत जाऊन पडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, आणि मग कधीतरी हे जिरेल. पण ते सरळ स्वयंपाकघरात गेले. अत्ते लाडवांसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत होत्या. अप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. या वयात त्यांना खाली बसायला त्रास होतो, तरी बसले.

"वरच्या बादलीत बोट घातलं," ते म्हणाले. "तोंडात घातलं. आत्ता."

अत्तेंचे हात थांबले. मी दारात उभी होते आणि पुन्हा काहीतरी बोलणार होते, केळ्याचं वगैरे. अत्तेंनी माझ्याकडे न बघता हाताने मला थांबवलं. 

"किती?"

"एक बोट."

"परत घातलं?"

"नाही. झाकण लावलं."

"कसं होतं?"

 खोटं बोलणं सोपं होतं, वाईट होतं म्हणायचं, संपलं. "कडू," ते म्हणाले. "पण आलं होतं. नांद चांगली आली होती." आणि ते रडायला लागले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. "मोडलं का गं? एकवीस वर्षं. मोडलं का?"

 अत्तेंनी मांडीवरचं ताट बाजूला सारलं, गुडघ्यांवर भार देऊन पुढे वाकल्या, अप्पांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. अगदी जवळ जाऊन, डोळे मिटून.  मग त्या मध्येच थांबल्या. आपण काय करतोय हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी हात खाली घेतले.

"नोडी, बघा," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं झाली. माझं नाक अजून सुटलं नाही. तुमचा हात कसा सुटेल?"

 अत्तेंनी पदराने आधी अप्पांचे डोळे पुसले, मग आपले.

"तेव्हा मला सगळं नाकानेच कळायचं. एकदासुद्धा तुम्ही येऊन सांगितलं नाही. आज नाकाच्या आधी कानाला कळलं." त्यांनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं. "मला तेवढं पुरे आहे. साकु."